गाडीची किल्ली ठेवल्यानंतर

३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. तोपर्यंत भारतातून तेथे स्थायिक होण्यासाठी जाणाऱ्यांचा वार्षिक कोटा अवघा शंभर माणसांचा होता. नव्या कायद्याने जन्मदेशावर आधारलेली ती जुनी पद्धत मोडीत काढली आणि शिक्षण व कौशल्य असलेल्यांना दार उघडून दिले. त्या दारातून जे आत गेले, त्यांत पुण्या-मुंबईचे, नागपूर-कोल्हापूरचे मराठी डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने होते. परकीय चलनाच्या टंचाईचे ते दिवस. खिशात आठ डॉलर घेऊन विमानातून उतरल्याची कथा त्या पिढीतील कितीतरी घरांत आजही सांगितली जाते.

त्या घटनेला आता साठ वर्षे होऊन गेली. तेव्हाचे पंचविशीतले तरुण आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांची नोकरी संपली, मुले मोठी होऊन आपापल्या वाटांनी पांगली, घराचे हप्ते फिटले. मात्र ते परत आले नाहीत. ज्या देशात पोटासाठी गेले, त्याच देशात ते म्हातारे झाले.

महाराष्ट्रात परदेशस्थांच्या वार्धक्याचा विषय निघाला की आपल्यासमोर एकच चित्र उभे राहते. मुलगा कॅलिफोर्नियात आणि आईवडील कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या सदनिकेत एकटे. या चित्रावर नाटके आली, कथा आल्या, व्याख्याने झाली; ते योग्यच होते. परंतु त्याच चित्राचा उत्तरार्ध आपल्या नजरेतून निसटला. तो मुलगाच आता वृद्ध झाला आहे, आणि तोही एकटा आहे. इथल्या एकट्या आईच्या दाराची कडी शेजारीण वाजवत असे. तिथल्या एकट्या मुलाच्या दारावर कोण थाप मारणार, हा प्रश्न त्याच्या इथल्या भावंडांनाही फारसा पडलेला दिसत नाही.

परस्वाधीनतेचा पहिला दिवस

अमेरिकेतील वार्धक्य केस पांढरे झाल्याने सुरू होत नाही आणि निवृत्तीनेही सुरू होत नाही. ते सुरू होते गाडी चालवणे थांबते त्या दिवशी. न्यू जर्सी, टेक्सास किंवा मिशिगनमधील ज्या उपनगरांत आपली माणसे राहतात, तेथे मोटार हेच पाय आहेत. पुष्कळ वस्त्यांत पदपथ नाहीत, बस नाही, कोपऱ्यावर वाण्याचे दुकान नाही. भारतीय किराणा दहा-पंधरा मैलांवर, मंदिर त्याहून दूर. नजर अधू झाली किंवा एखादा लहानसा अपघात झाला की मुले वडिलांच्या हातून किल्ली काढून घेतात. त्यांचे काही चुकत नाही. परंतु त्या किल्लीबरोबर गुरुवारचे भजन जाते, मंडळाचा गणपती जातो, मित्राच्या घरचा पत्त्यांचा डाव जातो आणि कोणाच्या मयतीला जाऊन चार शब्द बोलणेही जाते.

इथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मंडळाच्या दिवाळीला सभागृह भरलेले असते, नाट्यप्रवेश होतात, मुलामुलींचे नाच होतात, पुरणपोळीच्या पंगती उठतात. त्या गर्दीत एक खुर्ची रिकामी आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मंडळाच्या यादीत नाव राहते, वर्गणीही वेळेवर जाते. माणूस मात्र येत नाही. सभासदसंख्या वाढती आहे एवढ्यावरून समाज संघटित आहे असे मानण्याची चूक आपण देशातही करतो. परदेशात तिची किंमत एकटे पडलेले वृद्ध मोजतात.

पैसा आहे, तरीही

'त्यांना काय कमी आहे?' असा प्रश्न येथे सहज विचारला जातो. पैशाची विवंचना यांतील अनेकांना नाही, हे खरे. निदान दहा वर्षे कर भरून नोकरी केलेल्याला तेथे सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मिळते आणि पासष्टाव्या वर्षांपासून मेडिकेअर ही सरकारी आरोग्ययोजना लागू होते. परंतु मेडिकेअर शस्त्रक्रियेचा खर्च उचलते; आंघोळ घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे अशा दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च ती देत नाही. त्यासाठी मेडिकेड नावाची दुसरी योजना आहे आणि बहुतेक राज्यांत जवळची पुंजी जवळजवळ संपल्यावरच ती हात देते. आयुष्यभर काटकसरीने साठवलेला पैसा अखेरच्या तीन-चार वर्षांत शुश्रूषागृहाच्या बिलांत विरून जातो, असा अनुभव तिकडच्या मध्यमवर्गाला नवा नाही.

दुसरा एक वर्ग याहून अडचणीत आहे. नातवंडे सांभाळण्यासाठी मुलांनी बोलावून घेतलेले आईवडील स्थायी रहिवासी झाले. पण त्यांनी तिथे नोकरी केलेली नसल्याने निवृत्तिवेतनावर स्वतःचा हक्क नाही. १९९६ सालच्या कायद्याने नव्या स्थलांतरितांना सरकारी साहाय्य मिळण्यावर कडक निर्बंध घातले. मेडिकेअरसाठीही त्यांना सलग पाच वर्षे वास्तव्य करून वर हप्ता भरावा लागतो. नातवंडे शाळेत जाऊ लागली, घरातले काम संपले आणि आजी-आजोबा दिवसभर खिडकीशी बसून राहिले, अशी घरे थोडी नाहीत.

मग ते परत का येत नाहीत? कारण परतणे म्हणजे तिकीट काढणे नव्हे. २००५-०६ पासून 'ओसीआय' या परदेशस्थ नागरिकत्वाच्या व्यवस्थेमुळे येऊन राहण्यात कायद्याची अडचण फारशी उरलेली नाही. परंतु मेडिकेअर भारतातील उपचारांचा खर्च देत नाही, नातवंडे तिकडे आहेत, आणि इकडचे घर वाटण्यांत केव्हाच मिटून गेले. आईवडील गेल्यावर माहेरवाशिणीला माहेर उरते ते भावाचे घर. तिथे पाटावर बसवतात, पण फडताळ उघडायला तिचा हात कचरतो. परदेशात म्हातारे झालेल्या माणसाची मायदेशाशी अशीच गत होते. तो येतो, पाहुणचार घेतो आणि परत जातो.

शेवटी उरते ती भाषा

वार्धक्यात स्मृतिभ्रंश झाला की ज्या क्रमाने गोष्टी आल्या त्याच्या उलट क्रमाने त्या जाऊ लागतात, असे पुष्कळदा आढळते. नंतर शिकलेली भाषा आधी मावळते आणि आईच्या मांडीवर शिकलेली शेवटपर्यंत तग धरते. चाळीस वर्षे इंग्रजीत रुग्ण तपासलेला डॉक्टर स्वतः रुग्ण झाल्यावर मराठीत पाणी मागू लागतो. शुश्रूषागृहातील परिचारिका कितीही प्रेमळ असली तरी 'घसा कोरडा पडलाय' हे तिला कळत नाही. न कळलेल्या मागणीचे रूपांतर चिडचिडीत होते, चिडचिडीची नोंद आजार म्हणून होते आणि तिच्यावर गोळी दिली जाते. आजारी वृद्धाशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी असणे हा सांस्कृतिक हौसेचा विषय नाही. तो त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

अन्नाचेही तसेच. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या आजींच्या पुढे संध्याकाळी पाच वाजता उकडलेले बटाटे आणि थंड पालेभाजी येते. दोन दिवस त्या बोलत नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवत नाहीत. आमटी-भाताची एक वाटी आणि समोर बसून 'थोडं घ्या ना, आजी' म्हणणारे माणूस, एवढ्याने जे साधते ते टॉनिकाने साधत नाही.

इतरांनी काय केले

हा प्रश्न अमेरिकेत एकट्या भारतीयांपुढे आला, असे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबले होते. घरेदारे गमावून बाहेर पडलेल्या त्या समाजाने पुन्हा उभे राहताना आधी आपल्या वृद्धांचा विचार केला. १९६१ साली लॉस एंजेलिसमध्ये आठ जणांनी पुढाकार घेऊन संस्था स्थापली आणि पुढे तिला नाव मिळाले 'केइरो'. वृद्धांविषयीचा आदर, असा त्या शब्दाचा अर्थ. जपानी जेवण, जपानी बोलणारे सेवक आणि जपानी सण असलेली चार निवास व शुश्रूषागृहे या संस्थेने चालवली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून १९७१ मध्ये 'ऑन लोक' हा प्रयोग सुरू झाला. वृद्धाला घरातून उखडून काढायचे नाही, हे त्याचे सूत्र. सकाळी गाडी येऊन त्याला दिवसाच्या केंद्रात नेते. तेथे डॉक्टर, परिचारिका, व्यायाम, स्नान, ओळखीचे जेवण आणि गप्पा. संध्याकाळी तो पुन्हा आपल्या घरी. हा प्रयोग इतका उपयुक्त ठरला की १९९७ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्या नमुन्यावरील योजनेला मेडिकेअरमध्ये कायमचे स्थान दिले. एका स्थलांतरित वस्तीने आपल्या आजी-आजोबांसाठी शोधलेली वाट साऱ्या देशाची वाट झाली. कॅनडातील टोरंटोमध्ये डॉ. जोसेफ वाँग यांच्या पुढाकाराने चिनी समाजाने 'यी हाँग' ही संस्था उभारली. तिचे पहिले केंद्र १९९४ मध्ये सुरू झाले. पुढे तिच्या एका केंद्रात दक्षिण आशियाई वृद्धांसाठीही स्वतंत्र विभाग करण्यात आला. आपल्या ज्येष्ठांना आधार मिळाला, हे चांगलेच झाले. पण तो चिनी समाजाने उभारलेल्या छपराखाली मिळाला, याचा विचार आपण केला पाहिजे.

चिनी आणि जपानी समाजांत वृद्धांचा मान आपल्यापेक्षा कमी आहे काय? मुळीच नाही. मातापित्यांची सेवा हा त्यांच्याही संस्कृतीचा पाया आहे. फरक एवढाच की त्या आदराला त्यांनी व्यवस्थेचे रूप दिले. आपण मात्र 'आमची कुटुंबपद्धती श्रेष्ठ, आम्हाला वृद्धाश्रम लागत नाहीत' या वाक्यावर थांबलो. ज्या देशात मुलगा बॉस्टनला, मुलगी सिअ‍ॅटलला आणि आईवडील ह्यूस्टनला राहतात, तेथे हे वाक्य अभिमानाचे न राहता सबबीचे होते. कुटुंबपद्धतीचा खरा अभिमान असेल तर कुटुंब जेथे पोहोचू शकत नाही तेथे समाजाने कुटुंब व्हावे लागते.

अर्थात वास्तू उभारली की काम संपले असेही नाही. केइरोच्या चारही वास्तू २०१६ मध्ये एका खासगी कंपनीला विकल्या गेल्या. समाजातील अनेकांनी विरोध केला, सभा घेतल्या, निवेदने दिली. विक्री थांबली नाही. २०२१ मध्ये त्यांतील एक निवास बंद करून तेथे भाड्याची घरे करण्याचा बेत नव्या मालकांनी पुढे आणला, तेव्हा तेथील वृद्धांसाठी पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. पन्नास वर्षांत आजोबांची संस्था नातवांना आपली वाटेनाशी झाली की तिचे पुढे काय होते, याचा हा धडा आहे. संस्था भिंतींवर उभी राहत नाही, पुढच्या पिढीच्या सहभागावर उभी राहते.

आपली सुरुवात

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७७ साली न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात श्रीगणेशाचे मंदिर उभे राहिले, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, गावोगावी मराठी शाळा निघाल्या. त्या पिढीने पहिली तीस वर्षे मुलांसाठी खर्च केली आणि ते त्या काळाला धरूनच होते. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वृद्धांच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. वसुंधरा कलसपुडी यांनी काही सहकाऱ्यांसह 'इंडिया होम' ही संस्था सुरू केली. योग, भारतीय जेवण, सरकारी कागदपत्रांसाठी मदत आणि चार माणसांत बसण्याची जागा, असे तिचे साधे स्वरूप आहे. फ्लोरिडातील टावारेस येथे 'शांतिनिकेतन' ही भारतीय निवृत्तांची वसाहत आहे. तेथे स्वयंपाकघर सामाईक, सण सामाईक. मात्र घर विकत घेण्याची ऐपत आणि स्वतःचे स्वतः करण्याइतकी तब्येत असणाऱ्यांचीच ती सोय. बृहन्महाराष्ट्र मंडळाने 'उत्तररंग' या नावाने ज्येष्ठांचा उपक्रम हाती घेतला आहे. या साऱ्या पणत्या आहेत. अंधार मोठा आहे म्हणून पणतीला नावे ठेवू नयेत. तिच्या शेजारी दुसरी लावावी.

दुसरी पणती लावायला कोट्यवधी डॉलर लागत नाहीत. संघटनेत काम केलेल्या कोणालाही हे तंत्र अपरिचित नाही: वस्तीची यादी, यादीतून गट, गटाला एक प्रमुख आणि आठवड्याचा ठरलेला संपर्क. एकेका परगण्यात एकटे किंवा जोडप्याने राहणारे पंचाहत्तरीपुढचे मराठी लोक किती, हे मंडळाने प्रथम लिहून काढावे. ज्यांची गाडी बंद झाली आहे, त्यांना प्रत्येक कार्यक्रमाला आणण्या-पोहोचवण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी. रुग्णालयात दाखल झालेल्याकडे चोवीस तासांच्या आत मराठी बोलणारे कोणी जावे. अमेरिकेत केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या रुग्णालयांनी रुग्णाला दुभाषी विनामूल्य पुरवायचा असतो; १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा त्याला आधार आहे. हे ठाऊक नसल्यामुळे किती वृद्ध मुकाट पडून राहतात! अखेरच्या आजारात निर्णय कोणी घ्यायचा याचे वैद्यकीय मुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि अंत्यविधीविषयीची इच्छा हे कागद शुद्धीत असताना करून ठेवण्यासाठी मंडळाने वर्षातून एक दिवस राखावा. नाटकाला जसा दिवस राखतो, तसाच. आणि या कामात सोळा वर्षांच्या मुलामुलींना जोडून घ्यावे. मराठी शाळेत गिरवलेले 'पाणी हवे का?' हे वाक्य एखाद्या आजोबांच्या खाटेशी उच्चारले गेले, तर ती खरी परीक्षा आणि तेच खरे प्रमाणपत्र. केइरोचा धडा लक्षात घेतला, तर संस्थेचे आयुष्यही यानेच वाढेल.

इथे बसून काय करायचे

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. ही माणसे स्वेच्छेने गेली, सुखात राहिली. मेळघाटातील कुपोषित बालक आणि पालावरची म्हातारी डोळ्यांसमोर असताना डॉलरवाल्यांची काळजी आपण का वाहावी? त्याचे उत्तर असे की येथे कोणी पैसा मागत नाही. मेळघाटातील कार्यकर्त्याचा एक तासही यासाठी खर्च करायचा नाही. उलट १९९३ च्या किल्लारीच्या आणि २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर याच परदेशस्थांनी तत्परतेने मदत पाठवली होती, ही आठवण ठेवायला हवी. नाते आपल्याला गरज असते तेव्हाच आठवावे, आणि त्यांना गरज असते तेव्हा हिशेब मांडावा, हे शोभणारे नाही.

इथल्या घरांना करता येण्याजोगी गोष्ट अगदी लहान आहे. पुण्यात रविवारी सकाळचे सात वाजतात, तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र पडलेली असते. तिथल्या एकट्या माणसाला सर्वांत जड जाणारी हीच वेळ. त्या वेळी इथल्या भावाने किंवा बहिणीने दूरध्वनी करावा. भ्रमणध्वनीवर सुप्रभाताची चित्रे पाठवून हे भागत नाही, आवाज लागतो. 'दादा, आज काय जेवलास?' हा प्रश्न लागतो. लहानपणच्या वाड्याचे, विहिरीचे, गोट्या खेळताना झालेल्या भांडणाचे बोलणे लागते, कारण त्या गोष्टी माहीत असलेली माणसे आता जगात दोन-तीनच उरली आहेत. दोन रविवार दादाने दूरध्वनी उचलला नाही, तर पुतण्याला कळवावे आणि तिथल्या मंडळाच्या कार्यकर्त्यालाही कळवावे. त्यासाठी त्या कार्यकर्त्याचा क्रमांक आधीपासून आपल्या वहीत असावा. सात समुद्रांपलीकडच्या दारावर इथूनही अशी थाप मारता येते.

यात आपलाही स्वार्थ आहे. ज्या वाटेने ती पिढी गेली, त्याच वाटेवर आपली शहरे आज चालली आहेत. संभाजीनगरची मुले बंगळुरूला, साताऱ्याची पुण्याला आणि पुण्याची जगभर जात आहेत. मोठ्या गृहसंकुलांत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धाची अवस्था मिशिगनच्या उपनगरातील वृद्धाहून फार निराळी राहिलेली नाही. परदेशातील आपल्या ज्येष्ठांसाठी जी व्यवस्था बसवू, तीच उद्या आपल्या दारी उपयोगी पडणार आहे.

शास्त्राने वानप्रस्थ सांगितला तो घर सोडण्यासाठी, समाजाच्या नजरेआड होण्यासाठी नव्हे. गाडीची किल्ली ज्याने टेबलावर ठेवली, त्याच्या दाराशी दुसऱ्या दिवशी कोणाची तरी गाडी येऊन उभी राहिली पाहिजे. ती येते की नाही, यावरच आपल्या संघटनेची परीक्षा व्हावी. सभागृहातील गर्दीवर नव्हे.